डाव्या हाताची बालभारती

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बसकं मेज अजून माझ्याकडे आहे. सागवानी, उतरत्या फळीचं, शाईचे डाग मुरलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मेजावर तीन गोष्टी ठरलेल्या जागी असायच्या. उजव्या हाताला गांधीनगरहून आलेलं गुजराती पुस्तक, मधे फुलस्केप कागदांची चळत आणि डाव्या हाताला पुण्याची बालभारती. पुण्याहून आलेलं शाळेचं कुठलंही पुस्तक आमच्या घरी बालभारतीच असे, मग ते भूगोलाचं असो की विज्ञानाचं. आई तर विचारायची, "ती गणिताची बालभारती कुठे ठेवलीत?"

नाना बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायचे. आम्ही राहायचो दांडिया बाजारात. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना दर खेपेला समजावून सांगावं लागे, की बडोद्यात आम्ही पहिलीपासून मराठीतून शिकतो, आमची पुस्तकं मराठीत असतात आणि ती गुजरात सरकार छापतं. पुण्याच्या आत्याच्या शेजारणींना हे खरंच वाटायचं नाही. म्हणून एका सुट्टीत मी माझं इतिहासाचं पुस्तक मुद्दाम बरोबर नेलं होतं. मुखपृष्ठ उलटून आतलं नाव दाखवलं : गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळ. खाली देवनागरीत 'गांधीनगर'. आतेभावाने ते पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "वास सेम आहे."

ही गोष्ट कधीची तरी लिहायची होती. गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली आणि निमित्त झालं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

बडोदं संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर अकरा वर्षं आमचं शहर आणि पुणं एकाच राज्यात होतं. नाना म्हणायचे, तेव्हा पुस्तकांचा प्रश्न वेगळा असा नव्हताच. मुंबई राज्यात चालणारी मराठी वाचनपुस्तकं इथेही चालायची. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. सीमा उंबरगाव-तलासरीजवळ पडली आणि बडोद्याची मराठी मुलं तिच्या उत्तरेला राहिली. पुण्यात बालभारती स्थापन झाली २७ जानेवारी १९६७ रोजी. म्हणजे सात वर्षांनी आमची गाडी चुकली.

त्या सात वर्षांचं नानांना मनापासून वाईट वाटायचं. कारण त्याआधी मराठी शाळांत काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. सरकारी क्रमिक पुस्तकांची परंपरा तशी जुनी, थेट एकोणिसाव्या शतकातली. मेजर कँडी या साहेबाने ती तपासली, मराठीत विरामचिन्हं रुळवली. पुढे खासगी प्रकाशकांच्या मालिका आल्या. आचार्य अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' त्यातली फार गाजलेली. आईला तिच्यातल्या कविता म्हातारपणीही पाठ होत्या. पण सरकार पुस्तक मंजूर करणार, प्रकाशक छापणार, आणि एका शाळेत हे तर शेजारच्या शाळेत ते. गाव बदललं की मुलाचं पुस्तक बदलायचं. भाषेच्या पुस्तकात हा फरक चालून जातो, चांगलाही असतो. भूमितीत एका पुस्तकात एक संज्ञा आणि दुसऱ्यात दुसरी, असं झालं की मूल घोटाळ्यात पडतं.

दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने १९६४ ते ६६ या काळात देशभरच्या शिक्षणाचा विचार केला, त्यात पाठ्यपुस्तकांचाही होता : चांगली, स्वस्त पुस्तकं तयार करण्यासाठी राज्यांनी स्वतंत्र यंत्रणा उभारावी. त्यातून महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ जन्माला आलं. नाव एवढं लांब, की मराठीच्या पुस्तकाचं नावच संस्थेला चिकटलं आणि लोक तिला बालभारती म्हणू लागले. खालच्या वर्गांना 'बालभारती', वरच्यांना 'कुमारभारती', अकरावी-बारावीला 'युवकभारती'. मराठी ही मातृभाषा नसलेल्या मुलांसाठी 'सुलभभारती'. ही नावं ज्याने कोणी ठेवली त्याला नमस्कार. मूल मोठं होतं तसं पुस्तकाचं नावही मोठं होतं.

गुजरातचं मंडळ दोन वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६९ ला आलं. आणि इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पुण्याच्या मंडळाने फक्त मराठी पुस्तकं काढली नाहीत. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा आठ माध्यमांची पुस्तकं ते काढत आलं. मुंबईतल्या गुजराती शाळेतला मुलगा पुण्याचं गुजराती पुस्तक वाचतो. गुजरातचं मंडळ गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, सिंधी, तमिळसुद्धा छापतं. वाटणी झाली तेव्हा दोन भाऊ भांडून वेगळे झाले, पण एकमेकांची मुलं दोघांच्याही घरात राहिली होती. त्या मुलांना दोन्ही घरांनी ताट वाढलं. खासगी प्रकाशकाला बडोदं, सुरत, अहमदाबादच्या मराठी शाळांसाठी आठवीचं विज्ञान छापणं कधी परवडलं असतं? एवढ्या थोड्या मुलांसाठी छपाईचे खिळे कोण जुळवणार? सरकारने जुळवले. यासाठी मी दोन्ही मंडळांची ऋणी आहे आणि हे शब्द मी तोलून लिहिते आहे.

बडोद्याला ही सवय जुनी आहे, असं नाना म्हणत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलांना शाळेत बसवायचं तर हातात पुस्तक हवं, आणि ते त्यांच्या भाषेत हवं. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांनी रंगकाम, यंत्रं असले विषय मुलांच्या मातृभाषेतून शिकवायचा आग्रह धरला. त्यासाठी गुजराती आणि मराठीत शास्त्रीय पुस्तकं करवून घेतली. १९१२ मध्ये महाराजांनी ग्रंथप्रकाशनासाठी दोन लाख रुपये वेगळे काढले. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाली. बालज्ञानमालेची छोटी पुस्तकं मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत हातात घेतली आहेत. तिथल्या पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांमधे काचेची जमीन आहे, खालचा उजेड वर येतो. लहानपणी मला त्या काचेवर पाय ठेवायची भीती वाटायची आणि नाना म्हणायचे, "चाल, एवढी पुस्तकं पेलते तर तुला नाही पेलणार?"

आता मेजाकडे येते.

मंडळाच्या पुस्तकाचं मूळ लेखन गुजरातीत होई. मग ते मराठी माध्यमासाठी मराठीत आणायचं, ते काम शिक्षकांकडे यायचं. मराठीचं वाचनपुस्तक तेवढं स्वतंत्र. त्यासाठी बडोद्याचे, सुरतेचे शिक्षक बसायचे. नाना गणिताचे अनुवाद करत. एसटीने अहमदाबाद आणि तिथून गांधीनगर, कापडी पिशवीत कागद, दशम्या आणि एक बालभारती. ती पुस्तकं आत्या पाठवायची. आतेभाऊ पुढच्या वर्गात गेला की त्याची सगळी जुनी पुस्तकं सुतळीने बांधून, कोणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या हाती. मुंबईला गाडी बदलताना ती पिशवी सांभाळायची म्हणजे कसरत. त्याच गठ्ठ्यात माझ्यासाठी 'किशोर' मासिकाचे अंक असत. तेही बालभारतीचंच, १९७१ मध्ये सुरू झालेलं, वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. तो अंक आमच्या वाड्यात सात घरं फिरून परत यायचा, तेव्हा त्याच्या टाचणीला पानं उरलेली नसायची.

१९७९ च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते. विज्ञान बघणारे एक सर आजारी पडले आणि त्यांच्याकडची दोन प्रकरणं नानांच्या गळ्यात आली. नानांचा विज्ञानाशी संबंध मॅट्रिकनंतर सुटलेला. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत मी करायची. प्रकरण होतं सजीवांच्या शरीररचनेचं. नानांनी दोन दिवसांत अनुवाद संपवला. गुजराती आणि मराठी शास्त्राचे निम्मे शब्द संस्कृतातून आलेले, त्यामुळे वाक्यं भराभर सरकतात. अपूर्णांक तिकडेही अपूर्णांक, गुणोत्तर तिकडेही गुणोत्तर, घर्षण तेच, गुरुत्वाकर्षण तेच. मी चौदा फुलस्केप पानं पक्की केली, नानांनी वाचली, दोऱ्याने गठ्ठा बांधला. सकाळी सातची एसटी होती.

रात्री अकराला त्यांना कसल्याशा ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली. गठ्ठा सोडायचा कंटाळा, म्हणून नुसती डाव्या हाताची बालभारती उघडली. पान उलटलं आणि तिथेच थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, ऊठ. सगळं उलटं झालंय."

गुजरातीत ज्याला 'कोष' म्हणतात ती मराठीतली पेशी. आणि गुजरातीत ज्याला 'पेशी' म्हणतात ती मराठीतली ऊती, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह. शब्द तोच, सीमा ओलांडली की एक पायरी खाली उतरलेला. नानांनी गुजराती 'पेशी' जशीच्या तशी मराठीत ठेवली होती. 'कोषांच्या समूहाला पेशी म्हणतात' असं आमच्या पानांत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. ते वाचायला इतकं बरोबर वाटतं, की तपासणाऱ्याचंही लक्ष गेलं नसतं. आणि मग बडोद्यातलं मूल एक शिकलं असतं आणि पुढे पुण्या-मुंबईला कॉलेजात गेलं असतं तर तिथे बाई पेशी म्हणतात ते काय, हे त्याला उमगलं नसतं.

मी पेन घेऊन जिथे-तिथे कोष खोडून पेशी लिहायला लागले. नानांनी हात धरला. "असं नाही. आधी पेशीची ऊती कर. सगळ्या चौदा पानांत. मग कोषाची पेशी. क्रम चुकलास तर नवी पेशी कुठली आणि जुनी कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही." आईने चहा केला. नाना शब्द शोधून खाली पेन्सिलीने टिंब द्यायचे, मी बदलायचे. एवढी खाडाखोड झाल्यावर तशी प्रत नेणं त्यांना पटेना. मग मी नऊ पानं नव्याने लिहिली, पाच त्यांनी. साडेचारला संपलं. सातची एसटी त्यांनी पकडली.

त्या रात्रीनंतर नानांनी शब्दांची वही सुरू केली. एका रकान्यात गुजराती, दुसऱ्यात पुणे, तिसऱ्यात इंग्रजी. 'दळ' म्हणजे वस्तुमान. 'दबाण' म्हणजे दाब. 'प्रवेग' म्हणजे त्वरण. 'झडप' म्हणजे चाल. आणि समोर कंसात 'हृदयाची झडप नव्हे'. दुसऱ्या रकान्याला त्यांनी 'मराठी' न लिहिता 'पुणे' लिहिलं होतं, हे मला आता फार बोलकं वाटतं. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० पासून शास्त्रांचे परिभाषा कोश करण्याच्या कामाला लागलं होतं. पण तो कोश बडोद्यातल्या शिक्षकाच्या मेजावर कुठून येणार? त्याच्यापर्यंत तो यायचा बालभारतीच्या पानातून, आतेभावाची पेन्सिलीची चित्रं काढलेल्या जुन्या प्रतीतून. ज्या समितीने पुण्यात बसून 'ऊती' हा शब्द पुस्तकात घातला, तिला बडोद्यातली मुलं मोजायची नव्हतीच. तरी तो शब्द आमच्यापर्यंत आला.

मी पुढे आयुष्यभर पॅथॉलॉजीच्या लॅबमधे ऊतींचे काप केले. मेणात बसवलेला तुकडा, मायक्रोटोमचं पातं, पाण्यावर तरंगणारी पातळ फीत. रिपोर्ट इंग्रजीत, बोलणं गुजरातीत. मनात मात्र प्रत्येक तुकड्याला मी ऊतीच म्हणत आले.

पाठ्यपुस्तक हातात घेतलं की मी अजूनही आधी मागचं-पुढचं पान वाचते. बालभारतीच्या पुस्तकात तिथे सगळं असतं : विषय समिती, संयोजक, मुखपृष्ठ व सजावट, अक्षरजुळणी. 'कागद : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह'. मग मुद्रणादेश, मग मुद्रक. कागद मंडळ स्वतः विकत घेतं, छापायला वेगवेगळ्या मुद्रकांना देतं आणि छापलेली पुस्तकं विभागीय भांडारांत जातात : नागपूर, नाशिक, कोल्हापूर, लातूर. छपाईच्या आधी मसुदा राज्यातल्या निवडक शिक्षकांकडे तपासायला जातो. त्यांच्या सूचना आल्या की समिती पुन्हा बसते. प्रस्तावनेत दोन ओळींत उरकलेलं हे काम किती रात्री खातं, ते मला माहीत आहे. प्रतिज्ञेचं पान तर दोन्ही राज्यांच्या पुस्तकांत अगदी सुरुवातीला. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. आम्ही ती बडोद्यात मराठीतून म्हणायचो आणि पलीकडच्या तुकडीतली मुलं गुजरातीतून; व्हरांड्यात दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला होता, आठवत असेल. 'सदुसष्ट' ऐवजी 'साठ सात' असं वाचायची पद्धत त्यात दिली होती. मंगला नारळीकर समितीच्या प्रमुख होत्या. जुनी पद्धत काढून टाकली नव्हती, दोन्ही दिल्या होत्या, तरी लोक तुटून पडले. मला तेव्हा नानांची आठवण आली. बडोद्याच्या मुलाला घरी 'सदुसष्ट', गल्लीत 'सडसठ' आणि भाजीवाल्याकडे एकोणऐंशीला 'ओगण्याएंशी'. ते ऐकून ऐकून नाना पहिली-दुसरीच्या मुलांना कितीतरी वर्षं आधी 'साठ आणि सात'च शिकवत होते. फळ्यावर दशक-एकक काढून, काड्यांचे जुडगे बांधून. नारळीकर बाईंचं म्हणणं मला पटलं होतं आणि आजही पटतं.

आता ती मुलगी. आमच्या ओळखीतल्यांची सून, मराठी माध्यमाच्या एका वर्गाला विज्ञान शिकवते. वर्गात मुलं थोडी. आमच्या वेळी एका इयत्तेच्या दोन तुकड्या भरायच्या. गुजरातने २०१८ पासून गणित-विज्ञानाला टप्प्याटप्प्याने एनसीईआरटीची पुस्तकं घेतली. त्यांच्या सरावासाठी तिला गुजरातीत भरपूर साहित्य मोबाइलवर येतं, मराठीत फारसं नाही. म्हणून ती स्वतःच सरावाचे कागद मराठीत करते. रात्री, घरातलं आवरून. कोणीतरी तिला सांगितलं, की काकूंकडे एक वही आहे.

मी तिला आधी बालभारतीच्या संकेतस्थळावरचं जुन्या पुस्तकांचं दालन उघडून दाखवलं. कधीच्या काळची पुस्तकं तिथे फुकट ठेवली आहेत, 'किशोर'चे जुने अंकही. ज्यासाठी आत्या माणूस शोधायची आणि मुंबईला पिशवी सांभाळावी लागायची, ते आता दांडिया बाजारात बसून बोटाने उघडतं. शोधता शोधता आतेभावाच्या पुस्तकाचं ते मुखपृष्ठ आलं, त्याच रंगातलं. मी जरा वेळ काही बोलू शकले नाही. तिने पाणी आणून दिलं.

मग तिने वही मागितली आणि एकेक पानाचा फोटो काढला. लॅपटॉप बरोबर आणला होता. ऊतींच्या प्रकरणाचा गुजराती मजकूर तिने यंत्राकडून मराठीत करून घेतला होता, आणि यंत्रानेही नानांसारखंच केलं होतं : कोष, पेशी, कोष, पेशी, पान भरून. "हे तर सोपं आहे, काकू. शोधून एकदम सगळीकडे बदलता येतं," ती म्हणाली आणि 'कोष' टाइप करून पुढच्या चौकटीत 'पेशी' लिहायला लागली.

मी तिचा हात धरला. "थांब. आधी पेशीची ऊती कर. सगळीकडे. मग कोषाची पेशी."